सूर लागतो, गाणं होत नाही: ‘द डिसायपल’ आणि आदित्य मोडक

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटात मुख्य नटाकडे केलेली मागणी जराशी क्रूर आहे. त्याने शास्त्रीय संगीत गायचं, तेही स्वतःच्या गळ्याने. पहिल्या रांगेतल्या जाणकारालाही पटलं पाहिजे की तालीम पक्की आहे. आणि त्याच जाणकाराला दोन तासांनी हेही पटलं पाहिजे की या मुलाकडे ‘ते’ नाही. बेसूर गाऊन किंवा ताल चुकवून हे साधणार नव्हतं, कारण चित्रपटाचा नायक शरद नेरुळकर ढ नाही. त्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, लागतो, बंदिशी पाठ आहेत, तान स्वच्छ आहे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तो वेळेत येतो. एवढं सगळं असून गाणं होत नाही.

ही भूमिका आदित्य मोडक यांनी केली. ते स्वतः हिंदुस्थानी शास्त्रीय गायक आहेत आणि याआधी त्यांनी चित्रपटात अभिनय केलेला नव्हता. गेल्या काही वर्षांत संगीतावरच्या मराठी चित्रपटांत मला हे काम सर्वांत मोठं वाटतं, आणि ते ज्या चित्रपटात आहे तो त्याच्या तोलाचा नाही, असंही वाटतं. चित्रपट वाईट आहे असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्याच्या पटकथेत काही ठळक उणिवा आहेत, आणि नट इतका खरा असल्यामुळेच त्या उघड्या पडतात. नट साधारण असता तर कदाचित लक्षातही आल्या नसत्या. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ताम्हाणे यांचा पहिला चित्रपट ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ या नव्या प्रवाहांच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याचे निर्माते विवेक गोंबर यांनी त्यात वकिलाचं कामही केलं होतं. ‘द डिसायपल’ची निर्मितीही गोंबर यांचीच. मोठ्या स्टुडिओचा पैसा नाही, नावाजलेला चेहरा नाही. कार्यकारी निर्माते म्हणून मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांचं नाव आहे, कारण ‘रोमा’ या त्यांच्या चित्रपटाच्या काळात ताम्हाणे त्यांच्या हाताखाली शिकत होते. सप्टेंबर २०२० मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला. २००१ च्या ‘मान्सून वेडिंग’नंतर तिथे पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. पटकथेचा पुरस्कार आणि समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ‘फिप्रेस्की’ पुरस्कार घेऊन तो परतला. पटकथेच्या पुरस्काराबद्दल मला शेवटी बोलायचंच आहे.

गोष्ट साधी आहे. मुंबईतला चोविसेक वर्षांचा शरद पंडित विनायक प्रधानांकडे गाणं शिकतो. वडिलांना गाण्याचं वेड होतं, पण त्यांचं स्वतःचं काही झालं नाही. ते वेड मुलाकडे आलं. गुरुजींच्या गुरू म्हणजे माई. त्यांनी आपलं गाणं कधी ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही, पण त्यांच्या बोलण्याच्या काही फिती शरदकडे आहेत. रात्री मोटरसायकलवरून जाताना तो त्या ऐकत राहतो. पोटासाठी तो जुन्या, विस्मरणात गेलेल्या गायकांची ध्वनिमुद्रणं सीडीवर आणण्याच्या कामात आहे. स्पर्धेला बसतो, नाव पुकारलं जात नाही. मग चित्रपट एकदम काही वर्षं पुढे उडी मारतो. शरद पस्तिशीत, शरीर जड झालेलं, शाळेत संगीत शिकवणारा, यूट्यूबवर स्वतःच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचणारा.

माणूस कुठला घ्यायचा?

अशा भूमिकेसाठी दिग्दर्शकापुढे मोजक्याच वाटा असतात. मराठीत त्या सगळ्या चालून झाल्या आहेत, म्हणून तुलना सोपी जाते.

पहिली वाट म्हणजे नट एक, गळा दुसरा. ‘बालगंधर्व’ (२०११) मध्ये सुबोध भावे पडद्यावर आणि आनंद भाटे आवाजात. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये सचिन पिळगावकरांचे खाँसाहेब राहुल देशपांडे यांच्या गळ्यातून गातात. दोन्हीकडे ते खपून गेलं, कारण दोन्ही चित्रपटांत गाणं हा विजय आहे. गायकाला दाद मिळते, प्रेक्षक टाळ्या वाजवतो, ओठ आणि आवाज यांत केसभर फट राहिली तरी ती टाळ्यांत बुजून जाते.

दुसरी वाट गायकालाच उभा करण्याची. ती आपल्याकडे फार जुनी आहे. संगीत रंगभूमी त्याच जिवावर जगली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, आणि १९६७ च्या मूळ ‘कट्यार’ नाटकात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे. याच ओळीत ‘मी वसंतराव’ (२०२२) येतो. तिथे राहुल देशपांडे आजोबांची भूमिका करतात आणि गातातही. पण या परंपरेतल्या प्रत्येक गायकनटाला एक सोय होती: त्याला चांगलं गाता येत होतं आणि चांगलंच गायचं होतं. वन्समोअर मिळाला की गायक आणि पात्र दोघेही सुखी.

मोडक यांना ती सोय नव्हती. ताम्हाणे यांनी दुसरी वाट घेतली आणि तिच्यातून टाळ्या काढून टाकल्या. परदेशी उदाहरणच हवं असेल तर कोएन बंधूंच्या ‘इनसाइड लुइन डेव्हिस’मधला ऑस्कर आयझॅक आठवतो. तोही स्वतः गायला आणि त्याचाही नायक कुठेच पोहोचत नाही. पण तिथला नायक खरोखर चांगला गातो. नशीब, स्वभाव आणि बाजार त्याच्या आड येतात. शरदच्या आड शरदचं गाणंच येतं. ही भूमिका त्यामुळे कितीतरी पट अवघड होते.

गुरुजींच्या भूमिकेतले डॉ. अरुण द्रविड हेही प्रत्यक्षात जयपूर-अत्रौली परंपरेतले गायक, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. शरदची गुरुभगिनी स्नेहा झालेल्या दीपिका भिडे-भागवत याही गायिका आहेत. संगीताची बाजू तबलावादक अनीश प्रधान यांनी सांभाळली. म्हणजे पडद्यावर जे गायन-वादन करतात ते खरेच कलाकार आहेत. याचा मोडक यांच्या कामाशी थेट संबंध आहे. खऱ्या गायकांच्या मधोमध बसून खोटं गाता येत नाही, आणि ‘थोडं कमी’ गाणं तर त्याहून अवघड.

‘थोडं कमी’ कसं गायचं

माझ्या कानाला शरदच्या गाण्यात जे ऐकू येतं ते सांगतो. कुणी गायक वेगळं ऐकेल, त्याची हरकत नाही.

पहिली गोष्ट घाई. संथ लयीच्या विलंबित ख्यालात बढत करताना, म्हणजे राग हळूहळू उलगडताना, एका सुरावर थांबायचं, त्याच्या आजूबाजूला फिरून यायचं, पुढचा सूर स्वतःहून येईपर्यंत त्याला बोलवायचं नाही, असं सगळे गुरू सांगतात. शरद थांबतो, पण त्याचं थांबणं शिकवल्यासारखं आहे. थांबलेल्या जागी तो पुढच्या जागेचा विचार करत असतो, आणि हे आवाजात ऐकू येण्याआधी मोडक यांच्या डोळ्यांत दिसतं. गुरुजी त्याला अस्वस्थ मनाबद्दल टोकतात तेव्हा आपल्याला ते आधीच कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट सम. बहुतेक गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर येतात तेव्हा त्यांच्या अंगात एक सैलपणा येतो. तबलजीकडे बघून हसतात, मान हलते. शरद समेवर येतो आणि त्याचे खांदे सुटतात. सुटलो एकदाचा, असं. हा बारकावा लिहिलेल्या संवादात मावणारा नाही. मैफलीत बसून कधीतरी स्वतःची सम हुकते की काय या भीतीतून गेलेल्या माणसाच्याच अंगात तो असतो.

तिसरी गोष्ट नजर. सुरुवातीच्याच दृश्यात गुरुजी गातायत, शरद मागे तानपुरा घेऊन बसलाय, आणि कॅमेरा संथपणे त्याच्याकडे सरकतो. मोडक यांचा चेहरा इथे जे करतो त्यावर पुढचा सगळा चित्रपट उभा आहे. त्यात भक्ती आहे. तिच्याखाली हिशोब आहे: हे मला कधी येईल? आणि त्याच्याही खाली, अगदी क्षणभर, हे मला येणार नाही हे कळलेलं आहे. नंतर दोन तास शरद ही तिसरी गोष्ट स्वतःपासून लपवत राहतो.

तानपुऱ्यामागे बसलेल्या शिष्याचा चेहरा आपण मैफलींत कितीदा पाहिलाय! दादर-माटुंग्याच्या सभागृहांत, गिरगावातल्या जुन्या बैठकांत, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात. पण तो गवयाच्या पाठीमागे असतो आणि आपण गवयाकडे बघत असतो. मध्येच गुरूने हात केला की तो तालाची दोन आवर्तनं गातो, परत गप्प होतो. ताम्हाणे यांनी त्या मागच्या माणसावर नजर रोखली ही त्यांची मोठी सूझ, आणि तिचं श्रेय पटकथेलाच जातं. मला पटकथेवर अन्याय करायचा नाही.

चौथी गोष्ट गळ्याची नाही, अंगाची आहे. पोलिश छायालेखक मिखाउ सोबोचिन्स्की यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा असतो. चौकट रुंद, दृश्य लांबलचक, मधे कापाकापी कमी. संकलन ताम्हाणे यांनी स्वतः केलंय. अशा चौकटीत नटाचा चेहरा लहान दिसतो आणि नवख्या नटाची पंचाईत होते, कारण लपायला जागा नसते आणि जवळच्या कॅमेऱ्याची मदतही नसते. मोडक यांनी पाठीने काम केलंय. गुरुजींच्या अंगाला तेल चोळतानाची पाठ, स्पर्धेचा निकाल ऐकतानाचा ताठ कणा, आणि पस्तिशीनंतर खुर्चीत बसतानाची ओघळलेली पाठ. वय वाढलंय हे वजनापेक्षा बसण्यातून कळतं.

काळाच्या त्या उडीत पटकथा बरंच काही वगळते. शरदने नोकरी का धरली, शिकवायला कधी लागला, किती ठिकाणी गायला आणि किती ठिकाणांहून बोलावणं आलं नाही, यातलं फार थोडं दाखवलंय. ही वर्षं मोडक यांनी नुसत्या वागण्यातून भरून काढली आहेत. एका विद्यार्थ्याला महाविद्यालयातल्या फ्युजन बँडमध्ये गायचंय, त्याबद्दल आई विचारायला येते. शरद आवाज न चढवता सांगतो की जायचं असेल तर जाऊ द्या, मग परत इकडे येऊ नका. वाक्य कठोर आहे, पण मोडक ते रागाने म्हणत नाहीत. गुरुजींनी आपल्याशी जसं बोलायला हवं होतं असं शरदला वाटतं तसं तो बोलतो. माईंच्या फितींतला करारीपणा उसना घेतल्यासारखा. बोलून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते बघवत नाही. अख्ख्या चित्रपटात शरद ‘कलाकार’ असल्याचं सुख त्याला याच एका प्रसंगात मिळतं, आणि ते एका पोराचा रस्ता बंद करून.

मग ती मैफल. शरद गातोय, साथीला माणसं आहेत, समोर थोडे श्रोते, आणि मधेच तो थांबतो आणि उठून निघून जातो. इथे कुठलाही नट अश्रू काढेल, थरथरेल, निदान एकदा श्रोत्यांकडे बघेल. मोडक यांनी हे काहीच केलं नाही. गाणं सुटायच्या आधी आवाजातून इच्छा निघून जाते. सूर असतात, म्हणणारा नसतो. नंतर उठणं म्हणजे एक औपचारिकता. गायकच हे करू शकतो. पार्श्वगायनावर ओठ हलवणाऱ्या नटाला ‘सूर आहे पण माणूस गेला’ हे कुठून आणता येईल?

चित्रपटाचा आपल्याच नटावर विश्वास नाही

आता उणिवा. त्यांचं मूळ मला एकच दिसतं: जे मोडक यांनी आधीच दाखवलंय ते पटकथा पुन्हा सांगते.

माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. एप्रिल २०२१ मध्ये, चित्रपट घराघरांत पोहोचण्याच्या काही दिवस आधी, त्या गेल्या. आवाज विलक्षण आहे, त्याबद्दल वाद नाही. संथ गतीत सरकणारी मोटरसायकल, रिकामा रात्रीचा रस्ता, मागे तानपुरा आणि तो आवाज सांगतोय की ही साधना आहे, एकटेपण आणि भूक पत्करायची तयारी हवी. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदाही चालतं. पण हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी चित्रपटाचा आशय वाक्यांत मांडून जातो. शरदवर त्या शब्दांचा काय परिणाम होतोय हे मोडक यांच्या हेल्मेटविना चेहऱ्यावर दिसतंच आहे. शब्दांनी तो चेहरा झाकला जातो.

राजन जोशी या संग्राहकाचा प्रसंग बहुतेकांना चित्रपटातला सर्वोत्तम वाटतो. हा माणूस दुर्मीळ ध्वनिमुद्रणं जमवतो आणि शरदच्या दैवतांबद्दल एकेक करून कडू गोष्टी सांगत जातो. माईंनाही सोडत नाही. शेवटी शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. मकरंद मुकुंद यांनी हा जोशी झकास केलाय. संगीतवर्तुळात असा एक तरी माणूस प्रत्येकाला भेटलेला असतो. ज्याच्याकडे सगळ्या फिती आहेत आणि कुणाबद्दलही आदर नाही. तरी मला या प्रसंगात लेखकाचा हात दिसतो. दंतकथा एकीकडे आणि वास्तव दुसरीकडे असं मांडायचं ठरलं, मग ते मांडणारा एक माणूस समोर बसवला, आणि त्याने तक्रारी क्रमाने वाचल्या. नायकाला इथे ऐकण्यापलीकडे काम नाही. आणि मग पाणी! चित्रपटभर राग गिळणारा शरद इथे तो फेकतो, तेव्हा मोडक पहिल्यांदाच अभिनय करताना दिसतात.

सर्वांत कमकुवत भाग दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेचा. एक साधी मुलगी सुरेल गाते, परीक्षक भारावतात, पुढे तिचा पेहराव बदलतो, गाणी बदलतात, ती झगमगाटात हरवते. रिअ‍ॅलिटी शोवर एवढं बोलणं वर्तमानपत्राच्या पुरवण्यांनी फार आधीच उरकलं होतं. ‘कोर्ट’मध्ये ज्या दिग्दर्शकाने सरकारी वकील बाईंच्या संध्याकाळच्या स्वयंपाकातून अख्खी व्यवस्था दाखवली त्याने इतकं सोपं लक्ष्य का निवडावं, कळत नाही. शरद हे कार्यक्रम बघतो तेव्हाची मोडक यांची नजर मात्र रोचक आहे. तुच्छता दिसते तशी भूकही दिसते. तेवढी नजर पुरेशी होती. त्या मुलीचा पूर्ण प्रवास दाखवून तिचं दृष्टांतकथेत रूपांतर करायची गरज नव्हती.

स्त्रियांकडे पटकथेचं लक्ष नाही. स्नेहा गाते, दिसते, आणि पुढे जाते; तिला गाणं काय देतं हे कळत नाही. आई बहुतेक फोनवर असते. शेवटी पत्नी आणि मुलगी दिसतात, आल्याच कुठून असं वाटावं इतक्या अचानक. शरदच्या एकटेपणात रात्री संगणकासमोर घालवलेले प्रसंग आहेत, ते धीटपणे दाखवले आहेत, पण त्याच्या एकटेपणाची किंमत दुसऱ्या कुणी मोजली का, हे विचारायला पटकथेला सवड नाही.

माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. महाराष्ट्र-गोव्यातली ख्यालगायकी कुणी घडवली? उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गोव्याच्या कलावंत समाजातल्या स्त्रियांनी. ज्यांना समाजाने घरात घेतलं नाही त्यांनी मध्यमवर्गाच्या घरात गाणं पोहोचवलं. माईंचं करारीपण, ध्वनिमुद्रणाबद्दलचा तिटकारा, श्रोत्यांची पर्वा न करणं, यामागे अशा किती अपमानांचा इतिहास असू शकतो! केसरबाईही रेडिओपासून फटकून राहिल्या, त्या काही निव्वळ अध्यात्मापोटी नाही. चित्रपट हे सगळं ‘साधना’ या एका शब्दाखाली ठेवून देतो. शरद ज्या परंपरेचं ओझं वाहतोय ती परंपरा जात, धर्म आणि पैसा यांतून आलेली आहे हे त्याला माहीत नसेल, पण दिग्दर्शकाला माहीत असायला हवं. ‘कोर्ट’ ज्याने बनवला त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

उलट बाजू

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. माईंचा आवाज, जोशीची कडू बडबड, टीव्हीवरची मुलगी, हे सगळं शरदच्या डोक्यातलं जग आहे. त्याला जग असंच दिसतं, म्हणून ते आखीव आहे. शरद स्वतः दुसऱ्यांकडे बघत नाही, मग स्त्रिया पुसट दिसणारच. हा युक्तिवाद मला काही अंशी पटतो. माईंच्या बाबतीत तर बराचसा पटतो, कारण उत्तरार्धात तो आवाज उपदेशापेक्षा व्यसनासारखा वाटू लागतो.

पण तसं असेल तर जग शरदला जसं दिसतं आणि जसं आहे त्यातली फट कुठेतरी दिसायला हवी. ती फक्त मोडक यांच्या कामात दिसते. विद्यार्थ्याच्या आईशी बोलताना चेहऱ्यावर आलेलं ते समाधान दिग्दर्शकाने शरदच्या नजरेतून दाखवलेलं नाही. ते आपल्याला दिसतं, त्याला नाही. संपूर्ण पटकथा त्या पातळीवर राहिली असती तर हा चित्रपट फार मोठा झाला असता.

आक्षेपाचा दुसरा भाग असा की गायकाने गायकाची भूमिका करणं यात अभिनय किती आणि स्वभाव किती? नवख्या कलाकारांना हे नेहमी ऐकावं लागतं. माझं उत्तर: तयार गळ्याच्या माणसाला कमी गाणं सोपं नसतं. रियाजाने अंगात मुरलेली दादेची ओढ त्याला प्रत्येक आवर्तनात दाबून धरावी लागते, आणि दाबतोय हेही दिसू द्यायचं नाही. नुसत्या स्वभावातून हे होत नाही. शिवाय त्यांना दोन वयांत हे करायचं होतं, आणि दोन्ही वयांतलं अपुरेपण वेगळं आहे. चोविशीतला शरद घाईमुळे कमी पडतो. पस्तिशीतला शरद घाई करत नाही. त्याला आता कुठे जायचं नाहीच.

राहता राहिला पुरस्कार. केट ब्लँचेट यांच्या अध्यक्षतेखालच्या व्हेनिसच्या ज्यूरीने ‘द डिसायपल’च्या पटकथेला गौरवलं, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा व्होल्पी कप ‘पाद्रेनोस्त्रो’साठी पिएरफ्रान्चेस्को फाविनो यांना दिला. फाविनो कसलेले नट आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण ज्यूरीला हा चित्रपट सबटायटलमधून कळला असणार हे उघड आहे. माईंची वाक्यं, जोशीचे टोमणे, गुरुजींची कानउघाडणी हे सगळं इंग्रजीत वाचता येतं. बढतीतली घाई वाचता येत नाही. समेवर सुटलेले खांदे बघितले तरी सम कुठे होती हे माहीत असावं लागतं. म्हणून त्यांना लेखन दिसलं. माझ्या हातात असतं तर पटकथेऐवजी हा चित्रपट अभिनयासाठी गौरवला असता.

आपल्याकडच्या श्रोत्यांना तो फरक ऐकण्याची संधी होती, पण तीही धड मिळाली नाही. चित्रपट ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला. करोनाची दुसरी लाट भरात होती, महाराष्ट्रात चित्रपटगृहं बंद होती. नरेन चंदावरकर आणि अनिता कुशवाह यांनी सांभाळलेला ध्वनी बहुतेकांनी मोबाइलच्या नाहीतर लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकला, आणि तिथे तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे त्याचा सर्वांत खालचा सूर, उरतच नाही. खर्ज गेला की शरद कशाच्या तुलनेत कमी पडतोय तेही जातं, उरतो एक उदास तरुण. ज्यांनी तेव्हा असा पाहिला असेल त्यांनी बरा हेडफोन लावून निदान स्पर्धेचा प्रसंग आणि नंतरची ती सोडून दिलेली मैफल, एवढं पुन्हा ऐकावं. दोन्ही लागोपाठ ऐकले तर आवाजात काय बदललंय ते कळतं.